चौकशीआत्या गेल्याची बातमी

भाचा न्याहारीच्या टेबलाशी उभा राहून भाषणाची तालीम करत होता आणि आत्या समोर बसून वाटाणे सोलत होती. सुट्टीचा दिवस होता. सूनबाई, म्हणजे भाच्याची बायको, सकाळच्या पहिल्या बसने परगावी बहिणीकडे गेली होती, ती संध्याकाळी परतणार होती. त्यामुळे भाषणाला श्रोते म्हणून आत्या, फ्रीज आणि फरशी पुसायची बादली एवढेच हजर होते.

भाचा एका मोठ्या कंपनीत ज्ञान विभागात होता. तिथे नेमकं काय चालतं हे आत्याने त्याला पुष्कळदा विचारलं होतं. दर वेळी त्याने ते इतकं सविस्तर सांगितलं होतं की शेवटी तिने विचारणंच सोडून दिलं. उद्या त्याला नव्याने लागलेल्या मुलामुलींपुढे बोलायचं होतं.

"तर मित्रहो," फ्रीजकडे पाहत भाचा म्हणाला, "कामं दोन प्रकारची असतात. एक माहितीचं काम आणि दुसरं ज्ञानाचं काम."

"जरा हळू," आत्या म्हणाली. "फ्रीज कुठे पळून जात नाहीये."

"मधे बोलू नकोस गं आत्या, लिंक तुटते. तर, माहितीचं काम म्हणजे काय? ठरलेला प्रश्न, ठरलेलं उत्तर. इकडून घेतलं, तिकडे दिलं. उदाहरणार्थ, पूर्वी टेलिफोनच्या चौकशी विभागात बायका बसायच्या. तुम्ही नाव सांगायचं, त्यांनी नंबर सांगायचा. झालं काम. यात ज्ञान लागत नाही."

आत्याचा अंगठा शेंगेतच थांबला.

तिची सगळी नोकरी टेलिफोनच्या चौकशी विभागात झाली होती. घराण्यात तिला चौकशीआत्या म्हणत, ते एक यासाठी. आणि दुसरं, ती सगळ्यांची चौकशी करी यासाठी. भाच्याचे आईवडील बदल्यांच्या गावांतून फिरत राहिले, तेव्हा शाळेसाठी म्हणून तो आत्याकडे आला आणि राहिला तो राहिलाच. तिने लग्न केलं नाही. "एका हातात डिरेक्टरी, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि डोक्यावर हेडफोन. नवऱ्याला जागा कुठे होती?" असं ती हसत सांगे. त्याची फी, त्याचे बूट, त्याचा पहिला सूट, सगळं त्या हेडफोनमधून आलं होतं. आणि आता हे महाशय तोच सूट घालून उद्या जगाला सांगणार होते की त्यात ज्ञान लागत नाही.

"अस्सं," आत्या म्हणाली.

या एका शब्दावर भाच्याने सावध व्हायला हवं होतं. तो रंगात आला होता. "कारण माहिती ही अशी खाली पडलेली असते," त्याने हात खाली नेला, "आणि ज्ञान हे असं, वर..." त्याने हात जोरात वर नेला. त्या हातात फोन होता. फोन सुटला, फ्रीजच्या कडेवर आपटला आणि सरळ बादलीत गेला.

भाच्याने तो बाहेर काढला, झटकला, सदऱ्याला पुसला, त्याच्यावर फुंकर घातली. फोनने एकदा निळा डोळा उघडला आणि मिटला.

"आता गं? ती बसस्टँडवर उतरली की मला फोन करणार होती. न्यायला जायचंय तिला!"

"मग माझ्या खोलीतल्या फोनवरून लाव ना तिला. सांग तसं."

"नंबर?"

"तुझ्या बायकोचा आहे. तुला पाठ असेल."

"पाठ कशाला करायचा?" भाचा म्हणाला. "माहिती डोक्यात ठेवायची नसते आत्या. ती कुठे ठेवलीय ते माहीत असलं की पुरे."

"कुठे ठेवलीय?"

भाच्याने बादलीकडे पाहिलं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "तुला येत असेल की! तू तर टेलिफोनमध्ये होतीस!"

"मला तिच्या ऑफिसचा नंबर येतो, एक्स्टेंशनसकट. तिथे आज रखवालदार असेल. तिच्या हातातल्या फोनचा नंबर मला कधी कुणी सांगितलाच नाही." आत्या उठली. सोललेल्या वाटाण्यांचं भांडं तिने त्याच्यापुढे सरकवलं. "आणि सांगितला असता तरी काय उपयोग? त्याला ज्ञान लागत असेल."

ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

खोलीतल्या टेबलावर तिचा जुना काळा फोन होता. आत्याने रिसीव्हर उचलून बाजूला काढून ठेवला. राग आला की ती हे करत असे. कुणाशी बोलायचं नाही हे जगाला सांगायचा तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. मग ती पलंगावर आडवी झाली आणि छताकडे पाहत राहिली.

छताकडे पाहता पाहता ती पार तिथे जाऊन पोचली. तो लांबलचक हॉल, ओळीने बसलेल्या बायका, तापलेल्या तारांचा वास, आणि पाठीमागून फिरणाऱ्या सुपरवायझरबाईंच्या चपलांचा आवाज. तो आवाज जवळ आला की सगळ्यांच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. म्हणे, नाव सांगायचं आणि नंबर घ्यायचा! नाव सांगत होतं कोण? "बाई, ते कोपऱ्यावरचे डॉक्टर, जे ओरडत नाहीत, त्यांचा नंबर द्या." "ते दुकान नाही का, ज्याच्या मालकाचे दात पुढे आहेत." एकदा एका माणसाने स्वतःच्याच घराचा नंबर विचारला होता. घरी त्याच दिवशी फोन बसला होता आणि तो बाहेरून पहिल्यांदाच लावून पाहणार होता. आत्याने नंबर दिला. पाच मिनिटांनी त्याचा परत फोन. "बाई, लागला! बायको म्हणाली, कोण बोलतंय? आता मी काय सांगू?" त्याचं उत्तर कुठल्या डिरेक्टरीत छापलं होतं?

दारावर टकटक झाली. "आत्या, मी फोन दुरुस्तीला टाकून येतो गं. आत्या? बोल ना. रागावलीस का?"

आत्या बोलली नाही. थोड्या वेळाने बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. मग तिला कधी डोळा लागला ते तिलाच कळलं नाही.

ती जागी झाली ती घंटीने. बाहेर दुपार कलायला लागली होती. भाचा किल्ली विसरला असेल, असं म्हणत तिने अंगावरची शाल डोक्यावरून सावरली आणि दार उघडलं.

दारात तिचा मामेभाऊ उभा होता, जो वकील होता, आणि त्याच्यामागे त्याची बायको. वकिलाच्या हातात पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र होतं. त्याने आत्याकडे पाहिलं. वहिनीनेही पाहिलं, बारीकशी किंकाळी फोडली आणि ती बाजूच्या चपलांच्या स्टँडवर बसली. स्टँड मोडला.

"अरे, या," आत्या म्हणाली. तिची झोप अजून पुरती उडाली नव्हती. मग तिची नजर फुलांवर गेली. "कोण गेलं?"

वकिलाने चक्र एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"वकिला, मी विचारतेय. कोण गेलं?"

"तसं निश्चित असं कुणी नाही, ताई," वकील म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे निघताना निश्चित होतं. आता समोर आलेला पुरावा जरा उलट दिसतोय."

वहिनी खाली बसल्या बसल्या डोळे पुसत होती. आत्याने एकदा तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा फुलांकडे, आणि मग वळून मागे पाहिलं. घरात कुणी नव्हतं. भाचा केव्हाचा बाहेर गेला होता. जाताना त्याने हाक मारली होती, "बोल ना" म्हणाला होता, आणि ती छताकडे पाहत पडून राहिली होती.

"माझ्या पोराला काय झालं?" तिने वकिलाची बाहीच धरली. "खरं सांग. रस्त्यात काही झालं का? त्याच्याकडे फोनसुद्धा नव्हता रे! मी बोलले नाही त्याच्याशी. एक शब्द बोलले नाही."

"त्याला काही नाही झालं, वन्सं!" वहिनी घाईघाईने उठली. "त्यानेच तर कळवलं!"

"काय कळवलं?"

वकिलाने खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि घरच्या ग्रुपवर आलेला भाच्याचा निरोप कोर्टात वाचावा तसा वाचून दाखवला. "'आत्या सकाळपासून बोलत नाही. घरचा फोन लागणार नाही. माझाही फोन गेला आहे. मी दुकानात सामानाची वाट बघत थांबलो आहे. संध्याकाळपर्यंत सगळं उरकेल. कुणी घाबरू नये.'"

आत्याने ते ऐकून घेतलं. मग भिंतीचा आधार घेऊन तिने एक मोठा श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"म्हणजे मीच गेलेय ना?"

"हो," वकील म्हणाला.

"बरं झालं बाई," आत्या म्हणाली. "माझा जीवच गेला होता."

"बोलत नाही म्हणजे आजारी असाल, असं मी आधी म्हटलं होतं," वहिनी सांगू लागली. "पण 'सामान' म्हटल्यावर ह्यांना शंका आली, आणि 'उरकेल' म्हटल्यावर खात्रीच झाली. मी इथे कितीदा तरी फोन लावला. सारखा एंगेज! म्हटलं, एवढे फोन येताहेत म्हणजे..."

"मग तू आणखी कुणाला सांगितलंस का?"

वहिनीने फक्त पदर नीट केला. वहिनीचा पदर नीट झाला म्हणजे गावभर झालं, हे आत्याला ठाऊक होतं.

आणि मग माणसं यायला लागली. आधी तळमजल्यावरचे ड्रॉइंगमास्तर आले. दारातच त्यांनी आत्याला नमस्कार केला, "फार वाईट झालं," म्हणाले आणि दोन पावलं आत गेल्यावर गर्रकन वळले. मग चुलत बहिणीकडची मंडळी आली. त्यातल्या एकीला भोवळ आली, तिला आत्यानेच पाणी दिलं, आणि पाणी देणारा हात कुणाचा आहे हे पाहून तिला पुन्हा भोवळ आली. प्रत्येकाला दारात गाठून आपण जिवंत असल्याचं पटवायचं, त्याला बसवायचं, आणि तोवर पुढची घंटी. तास-दीड तासात आत्या थकून गेली. मरण एवढं दमवणारं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात भाचा आला. दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून तो धावतच आत शिरला. "काय झालं? आत्या कुठेय?"

सगळी खोली त्याच्याकडे पाहू लागली. वकिलाने काही न बोलता स्वतःचा फोन त्याच्या नाकापुढे धरला. भाच्याने आपलाच निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याचा चेहरा हळूहळू लांबला.

"पण यात चूक काय आहे?" तो म्हणाला. "आत्या बोलतच नव्हती. फोन लागणारच नव्हता. दुकानदाराला नवा पडदा मागवायचा होता, त्याचंच ते सामान. माझा फोन मिनिटभर कसाबसा चालू झाला, समोर ग्रुपच दिसला, म्हणून म्हटलं बायकोला इथूनच कळवावं. एकेक शब्द खरा आहे यातला!"

"एकेक शब्द खरा आहे," आत्या म्हणाली, "आणि सगळे मिळून मी मेलेय."

पुन्हा घंटी वाजली.

"तू जा," आत्याने त्याला सांगितलं. "मी बसते जरा. दार उघडायचं आणि 'आहे, बरी आहे' म्हणायचं. ठरलेलं उत्तर आहे. यात ज्ञान लागत नाही."

भाचा मान खाली घालून निघाला. पण अर्ध्या वाटेत आत्यानेच त्याला हात धरून थांबवलं. दारापलीकडून आवाज येत होते, आणि ते आवाज तिच्या ओळखीचे होते. वर्षानुवर्षं ते तिने आपल्या दोन्ही बाजूंनी ऐकले होते. एक्स्चेंजमधल्या तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. जिना चढून दम लागल्यामुळे त्या दाराबाहेरच थांबून बोलत होत्या.

"काय सोन्यासारखं माणूस गं!" हा आवाज ट्रंकताईचा. ती परगावचे ट्रंककॉल जोडायची, त्यामुळे ती कानात बोलली तरी दुसऱ्या गावी ऐकू जात असे.

"आणि काय तो आवाज! साखर नुसती."

भाचा कडीला हात घालणार तोच आत्या कुजबुजली, "थांब. उघडू नकोस. जरा ऐकू दे."

"माझ्या बाळंतपणात महिनाभर माझी रात्रपाळी केली तिने. कधी बोलून दाखवलं नाही."

आत्याने डोळे पुसले. ते ती साफ विसरली होती.

"स्वभावाने अगदी देवमाणूस," ट्रंकताई म्हणाली. मग जरा थांबून, "तशी हट्टी होती म्हणा."

"हट्टी होतीच. आणि रुसकी."

"माझी ती निळी छत्री नेली होती बघ, आठवतं? लाकडी मुठीची. शेवटपर्यंत दिली नाही. आता गेली बिचारी, जाऊ दे."

आत्याने भाच्याला बाजूला सारलं आणि दार खाडकन उघडलं. "छत्री तू स्वतः बसमध्ये विसरलीस! मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं!"

जिन्यातल्या सगळ्या जणी एकेक पायरी मागे सरकल्या. मग ट्रंकताई म्हणाली, "बघा! म्हटलं नव्हतं, हट्टी आहे!" आणि आत्याच्या गळ्यात पडून ती मोठमोठ्याने रडू लागली.

नातेवाईक हळूहळू पांगले. वकील फुलांचं चक्र परत घेतात का ते पाहायला गेला. खोलीत उरल्या त्या एक्स्चेंजच्या बायका. कितीतरी वर्षांनी त्या एका छताखाली बसल्या होत्या. नोकरी सुटल्यावर "एकदा सगळ्या भेटू या" असं त्यांनी एकमेकींना इतक्या वेळा सांगितलं होतं की भेटल्यासारखंच वाटत असे. आता कुणाचे केस पांढरे झाले होते, कुणाचे उरले नव्हते. पण तोंड उघडलं की तीच मुलगी बाहेर येत होती. कुणाला संपाचा दिवस आठवला, कुणाला तो पूर आठवला जेव्हा होड्या कुठे मिळतील ते लोक चौकशीला विचारत होते. भाचा चहाचे कप धुऊन आणत होता आणि जमेल तसं ऐकत होता. यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. लहानपणी आत्या कामावर जायची आणि कामावरून यायची, एवढंच त्याने पाहिलं होतं.

सगळ्यांत शेवटी सुपरवायझरबाई आल्या. त्या काठी टेकत, एकेक पायरी मोजून चढल्या. काठीचा आवाज जिन्यात ऐकू आला तशा सगळ्या बायकांच्या पाठी ताठ झाल्या. ट्रंकताईने तोंडातलं बिस्कीट गिळून टाकलं.

बाईंच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. हातात मिठाईचा पुडा होता. तो त्यांनी आत्याच्या हातात दिला आणि खुर्चीत बसल्या. "कुणावर रुसलीयस?"

"बाई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? मी मेले म्हणून?"

"सांगितलं ना. तुझ्या वहिनीने रडत रडत सांगितलं. मग मी तुझ्या घरी फोन लावला. एंगेज. थोड्या वेळाने लावला, एंगेज. चहा पिऊन लावला, तरी एंगेज."

"आम्हालाही एंगेजच मिळाला!" ट्रंकताई म्हणाली. "म्हणून तर वाटलं..."

"तू ट्रंकवर होतीस, तुला काय कळणार," बाई म्हणाल्या. "माणूस गेलेल्या घरचा फोन एंगेज असतो, पण मधेमधे सुटतो. एक ठेवतो, दुसऱ्याचा लागतो. कधीतरी नुसतीच घंटी वाजत राहते, कारण उचलायचं भान नसतं कुणाला. हा सकाळपासून एकदाही सुटला नाही. म्हणजे रिसीव्हर काढून ठेवलाय. आणि माझ्या हॉलमध्ये भांडण झालं की रिसीव्हर काढून ठेवणारी एकच मुलगी होती. मी म्हटलं, ही मेली नाही. ही रुसलीय. समजूत घालायला जायला पाहिजे."

खोलीत हशा उसळला. भाचा मात्र हसला नाही. हातात ओला कप घेऊन तो दारात उभा होता. "बाई," तो हळूच म्हणाला, "उद्या आमच्या ऑफिसात याल का बोलायला?"

"कशावर?"

"हेच. आत्ता सांगितलंत ते."

"हे काय सांगायचं असतं?" बाईंना नवल वाटलं. "ते जाऊ दे. आधी तो रिसीव्हर जागेवर ठेवा."

रिसीव्हर जागेवर जायच्या आतच जिन्यात धाडधाड पावलं वाजली. सूनबाई आली होती. तिचे केस विस्कटले होते, नाक लाल झालं होतं, आणि एका पायातली चप्पल तुटली होती. तिने चपलांचा ढीग पाहिला, खोलीभर बसलेल्या म्हाताऱ्या पाहिल्या, आणि भाच्याच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. भाचा "अगं ऐक, ऐक" म्हणत होता, ते तिला ऐकू जात नव्हतं.

"सकाळी निघताना मी त्यांना उठवलंसुद्धा नाही," ती रडत रडत म्हणाली. "म्हटलं झोपू दे. तशीच गेले. आता घरात शिरलं की कोण विचारणार मला, एवढा उशीर का म्हणून?"

"एवढा उशीर का गं झाला?" आत्या स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. तिला कसलाच पत्ता नव्हता. ती पुड्यातली मिठाई बशीत काढत होती.

सूनबाईने मान वर केली. ती आत्याकडे पाहत राहिली. मग तिने डोळे पुसले, आणि त्यानंतर जे झालं ते त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. ती आत्याला रागावली.

"कुठे होतात तुम्ही? नेहमीसारखा रुसून फोन काढून ठेवलात ना? बसमधून सारखी लावत होते मी! इतकी रडले की शेजारच्या बाईने मला तिचा डबा दिला! काही वाटतं का तुम्हाला? एका माणसाशी भांडण झालं म्हणून सगळ्या जगाशी बोलणं बंद? पुन्हा असं केलंत तर याद राखा!"

सुपरवायझरबाईंनी पसंतीची मान हलवली. अशी मुलगी त्यांना हॉलमध्ये चालली असती. आत्या हातात बशी धरून अपराध्यासारखी उभी होती. तिला असं कुणी झापून किती वर्षं झाली होती, देव जाणे. आई गेल्यापासून नाही. "चुकलं," ती म्हणाली, आणि तिला इतकं बरं वाटलं की आणखी थोडं बोलणं खाण्याची तिची तयारी होती.

"आणि माझा नंबर पाठ करायचा. आत्ता, माझ्यासमोर," सूनबाईने फर्मावलं. "दोघांनीही."

तिने नंबर सांगितला. आत्याने तो जसाच्या तसा म्हणून दाखवला. तिच्या मागून सगळ्या मैत्रिणींनीही म्हणून दाखवला. भाच्याचं घोडं पाचव्या आकड्यावर अडलं.

त्या गडबडीत ट्रंकताईने जाऊन रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवल्या ठेवल्या काळ्या फोनची घंटी घणघणली, आणि खोलीतल्या सगळ्या बायकांचे हात एकदम पुढे झाले. मान आत्याचा होता. तिने पाठ सरळ केली, रिसीव्हर कानाला लावला आणि जो आवाज भाच्याने आयुष्यात कधी ऐकला नव्हता त्या आवाजात ती म्हणाली, "नमस्कार. चौकशी."

तिकडून एक म्हातारा माणूस बोलत होता. त्याला तळ्याकाठच्या हॉटेलात रात्रीच्या जेवणासाठी टेबल सांगून ठेवायचं होतं.

"राँग नंबर लागलाय, साहेब," आत्या म्हणाली. "किती जणांसाठी हवं होतं?"

"एकट्यासाठी," म्हातारा ताठपणे म्हणाला. "फक्त एकट्यासाठी."

आत्याने रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला. त्याच्या पाठीमागे कुणीतरी भांडी जरा जास्तच जोरात आपटत होतं. कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"चौकशी असेल तर मग त्या हॉटेलचा नंबर सांगता का, बाई?" म्हाताऱ्याने विचारलं.

"लिहून घ्या," आत्या म्हणाली, आणि तिने एका दमात नंबर सांगितला. म्हाताऱ्याने आभार मानले. तिने फोन ठेवला. मैत्रिणी एकमेकींकडे पाहून गालात हसल्या.

"आत्या," भाचा म्हणाला, "ते हॉटेल कधीच पाडलं. तिथे आता गाड्यांचा तळ झालाय."

"माहितीये की मला."

"मग त्यांना जुना नंबर कशाला दिलास? तो आता लागणारच नाही!"

"नाही लागणार," आत्या बशी पुढे करत म्हणाली. "ते लावत बसतील दोन-चारदा. तोवर त्यांच्या घरी दोघांची पानं वाढून होतील."